रफार कुणाच्या डोक्यावर?

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

शिक्षिका म्हणून तुझ्या पहिल्या वर्षाबद्दलचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. वर्गातला गोंगाट, अपुरं राहणारं टाचण, तास संपल्यावर येणारा थकवा, सगळं पोचलं. पण एवढ्या मजकुरात एकाही मुलाने वाचताना नेमकं काय म्हटलं, ते कुठे आलं नाही. 'आठ-दहा मुलं वाचनात कच्ची आहेत', बस. कच्ची म्हणजे काय? या शब्दाच्या आडोशाला मीही बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून विचारते.

माझ्या वर्गात एक मुलगा 'पर्वत' हा शब्द 'पवर्त' असा वाचायचा. मी त्याला तो दहा वेळा लिहायला लावला. दहाही वेळा बिनचूक, वळणदार अक्षरात लिहिला त्याने. दुसऱ्या दिवशी वाचताना पुन्हा 'पवर्त'. मी चिडले, लक्ष नसतं म्हणून चारचौघांत बोलले. आठवडाभराने, बाकीची मुलं खेळायला गेली असताना, त्याला जवळ बसवून म्हटलं, बोट ठेवून वाच. बोट 'प'वर, तोंडात 'प'. बोट 'व'वर, तोंडात 'व'. मग बोट वर सरकलं, रफारावर टेकलं, तोंडात 'र'. शेवटी 'त'.

तो चुकत नव्हता गं. डावीकडून उजवीकडे, जे दिसेल ते वाचायचं, हा माझाच नियम तो माझ्यापेक्षा निष्ठेने पाळत होता. रफार बसतो 'व'च्या डोक्यावर, पण उच्चार होतो 'व'च्या आधी, ही गोम मी त्याला कधी सांगितलीच नव्हती. 'अर्धा र डोक्यावर द्यायचा' एवढंच सांगितलं होतं. दहा वेळा लिहून हाताला आकार पाठ झाला, कानाला काहीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्याला हात लावायच्या आधी नुसतं तोंडाने केलं. 'पर्वत' सावकाश म्हणा, टाळी वाजवा. पर्-वत. गर्-दी. सूर्-य. 'र' कुठल्या टाळीला लागला? पहिल्या. मग तो फळ्यावर शोधा. अरे, हा तर पुढच्याच्या डोक्यावर जाऊन बसलाय! मुलं हसली आणि तेव्हाच लक्षात आलं की आणखी चौघांची तीच गत होती. समूहवाचनात त्यांचा 'पवर्त' इतरांच्या 'पर्वत'मध्ये बुडून जायचा. तेव्हापासून समूहवाचनावर माझा फारसा विश्वास नाही. ऐकायला गोड, बाकी त्यातून काही कळत नाही.

आता तुझ्या दैनंदिनीबद्दल. 'आजचा तास चांगला झाला, मुलांनी उत्तम प्रतिसाद दिला' असली वाक्यं लिहिणं आजपासून बंद कर. स्वतःच्या कामाकडे वळून पाहण्याबद्दल अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी 1983 साली एक उपयोगी भेद मांडला: काम चालू असताना केलेला विचार वेगळा आणि काम संपल्यावर केलेला वेगळा. पहिला सरावाने येतो. वर्ग आवरता आवरता तुझ्याकडून आत्ताच त्याची अपेक्षा नको. दुसरा मात्र पहिल्या दिवसापासून जमतो, फक्त त्याला कच्चा माल लागतो. म्हणजे मुलाचे शब्द, जसेच्या तसे. 'पर्वतऐवजी पवर्त, बोट रफारावर शेवटी' एवढी एक ओळ पुरे. भावना लिहायच्या तर खुशाल लिही, पण त्या ओळीच्या खाली.

यासाठी एक सोपी रीत आहे. न्यूझीलंडच्या वाचन-संशोधक मेरी क्ले यांनी ती रूढ केली. मूल साधारण शंभर शब्दांचा उतारा मोठ्याने वाचतं, आपण शेजारी बसून प्रत्येक बरोबर शब्दाला एक खूण करतो. चुकला तर छापलेला शब्द आणि मुलाने म्हटलेला शब्द, दोन्ही लिहायचे. स्वतःच सुधारला तर तेही नोंदवायचं. शंभरात नव्वदच्या खाली आलं तर तो उतारा सध्या त्याला जड, असं धरतात. मधे टोकायचं नाही. हे शेवटचं सगळ्यांत अवघड, जीभ चावून बसावं लागतं.

क्लेबाईंची नोंदीची रीत घे, त्यांचं सगळंच घेऊ नकोस. अडलेला शब्द संदर्भावरून, चित्रावरून ताडायचा, या विचारावर पुढे बरीच टीका झाली आणि मला ती पटते. 'पाऊस'ऐवजी 'पाणी' वाचणारं मूल पहिलं अक्षर पाहून उरलेलं ठोकून देत असतं. त्याला 'चित्र बघ, सुचेल' म्हणणं म्हणजे त्या सवयीला खतपाणी. 'पा'च्या पुढे काय आहे ते बघ, असं म्हण.

अडखळत नाही, पण विचारलं तर काहीच सांगता येत नाही, अशी दोन मुलं तू लिहिलीस. त्यांचं दुखणं निराळं आहे. गॉफ आणि टनमर या संशोधकांनी 1986 मध्ये वाचनाचं एक सरळ सूत्र मांडलं: अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषेची समज. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असली की दुसरी कितीही मोठी असो, हाती शून्यच. या दोघांना आणखी जोडाक्षरं गिरवायला देऊ नकोस. त्यांना रोज काहीतरी वाचून दाखव, त्यांच्याशी त्यावर बोल. आणि प्रश्न विचारलास की थांब. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधकांनी वर्गांत मोजून पाहिलं होतं, शिक्षक उत्तराची वाट सरासरी एक सेकंदच पाहतात. ती तीन सेकंदांवर नेली तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारीही बोलू लागली. मी मनात आकडे मोजते. अजूनही.

गोंगाटाचं मी मुद्दाम लिहिलं नाही. त्यावर माझ्याकडेही औषध नाही, आणि पहिल्या वर्षी तो असायचाच.

पुढच्या पत्रात वर्गाचं वर्णन नको. त्या आठ-दहांपैकी कुणा एकाच्या शंभर शब्दांच्या वाचनाचा कागद पाठव. मुलाचं नाव खोडून टाक. चुका तेवढ्या नीट दिसू देत.

तुझी,
बाई