चढावर रिव्हर्स घेताना गाडी उसळते, काय करू?

प्रश्न : आमची जुनी वॅगन-आर आहे, मॅन्युअल. रस्त्यावर मी बिनधास्त चालवते पण सोसायटीच्या बेसमेंटमधून रॅम्पवर रिव्हर्सच काढावी लागते आणि तिथे एकतर बंद पडते नाहीतर जोरात उसळते. शिवाय रिव्हर्स टाकताना कधीकधी खर्रकन आवाज येतो. गिअरबॉक्स गेला का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : लगेच गिअरबॉक्सवर खापर फोडू नका ताई. पुढच्या गिअरना सिंक्रो असतो, म्हणजे गिअर बसायच्या आधी वेग जुळवून घेणारी रिंग, रिव्हर्सला ती बऱ्याच गाड्यांत नसतेच, त्यामुळे गाडी जराशी जरी सरकत असली तरी दाते घासणारच. गाडी पूर्ण थांबवा, क्लच तळापर्यंत दाबा, दोनतीन सेकंद जाऊ द्या आणि मग टाका. अडला तर जोर लावू नका, एकदा पहिला टाकून परत रिव्हर्स टाका, बहुतेक वेळा बसतो. तरी रोज खरखर येत असेल तर क्लच नीट सुटत नसेल, केबल दाखवून घ्या. मागे जाताना ऊंऽऽ असा आवाज येतो तो मात्र फॉल्ट नाही, त्या गिअरचे दाते बहुधा सरळ कापलेले असतात म्हणून येतो.

आता उसळण्याचं. सपाटीवर रिव्हर्सला रेस लागतच नाही, क्लच हळू सोडला की गाडी आपोआप सरकते. रॅम्पवर हँडब्रेक ओढा, थोडी रेस धरा आणि क्लच सावकाश सोडत या, इंजिनचा आवाज जड झाला आणि गाडी ताणल्यासारखी वाटली की पाय तिथेच ठेवून हँडब्रेक सोडा. तुम्ही बहुतेक घाबरून याच्या पुढे क्लच एकदम सोडताय. पण हाफ क्लचवर लटकवूनही ठेवू नका, करपल्याचा वास आला की समजा प्लेट जळतेय. आणि हो, वळवताना सगळे मागेच बघतात नि पुढचा बंपर खांबाला घासतो, कारण रिव्हर्समध्ये गाडीचं तोंड उलट्या बाजूला फिरतं.

प्रश्न : रिव्हर्स सेन्सर असल्यावर मागे वळून बघायची गरज आहे का? – एक वाचक, सांगली

उत्तर : आहेच. १ जुलै २०१९ पासून नव्या कारना सेन्सर कंपल्सरी झाले हे खरं, पण बारीक सळई, बंपरखालचा दगड, चाकाजवळ झोपलेलं कुत्रं हे त्यातून सुटू शकतं. सोसायटीत पोरं खेळत असतील तर आधी उतरून मागे एक चक्कर मारून या.