पावसाळ्यात मिठाला पाणी का सुटतं?

प्रश्न : लोणच्यासाठी आम्ही मिठागरातलं जाडं मीठ आणतो. भाजून बरणीत भरलं तरी आषाढात त्याला पाणी सुटतं. पुडीतलं बारीक मीठ मात्र मोकळं राहतं. भाजण्यात काही चुकतं का?

उत्तर : भाजण्यात चूक नाही. पण भाजल्याने फक्त पाणी उडतं, हवेतलं पाणी ओढणारा क्षार मिठातच राहतो. तो म्हणजे मॅग्नेशियम क्लोराइड. आगरातलं पाणी आटत साधारण २५ अंश बोमेला (बोमे म्हणजे पाण्याचा दाटपणा मोजायचं माप) आलं की मीठ धरू लागतं. ३० अंशांच्या आत, हा क्षार साठलेलं उरलेलं कडू पाणी काढून टाकावं लागतं. ते राहून गेलं किंवा रास नीट निथळली नाही, की त्याचा थर खड्यांना चिकटतो. शुद्ध मीठ हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की ओलावतं, हा क्षार मात्र ३३ टक्क्यांनाच. खडा जिभेवर ठेवा : खारटामागून कडवट चव आली तर कारण हेच.

यावर उपाय म्हणजे मीठ मिठाच्याच पाण्याने धुणं. एक किलोतलं पाव किलो मीठ ७०० मिली पाण्यात पूर्ण विरघळवा आणि फडक्यातून गाळा. या पाण्यात आणखी मीठ जवळजवळ विरघळत नाही, मॅग्नेशियम क्लोराइड मात्र सहज विरघळतं. उरलेल्या पाऊण किलोवर ते ओता, दोन मिनिटं ढवळा आणि लगेच फडक्यात बांधून रात्रभर टांगा. साध्या पाण्याने धुतलंत तर मीठच वाहून जाईल. मग स्टीलच्या कढईत मंद आचेवर हलवत कोरडं करा. लोखंडी कढईत ओल्या मिठाने गंज धरतो. पूर्ण गार झाल्यावरच बरणीत भरा, नाहीतर आत वाफ धरते. निथळलेलं पाणी झाडांना घालू नका.

कोकणातल्या पावसात हवा ७५ टक्क्यांच्या वरच असते, त्यामुळे धुतलेलं मीठही उघडं ठेवलं तर ओलावेल. पुडीतलं मीठ कारखान्यात असंच धुतलेलं असतं, शिवाय गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्यात थोडं द्रव्य मिसळतात. धुतल्यावर मिठातलं आयोडीनही निघून जातं. म्हणून हे मीठ लोणच्यापुरतंच ठेवा, रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्तच वापरा.

प्रश्न : रक्तदाब असेल तर सैंधव चालेल का?

उत्तर : मोजूनच. सैंधवही बहुतांशी सोडियम क्लोराइडच आहे. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नका.