सॉक्रेटिसची गुरू

प्रश्न : प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’ या संवादात, एका मेजवानीत सगळे पुरुषच प्रेमावर बोलतात. मग सॉक्रेटिस एका बाईचा दाखला का देतो?

उत्तर : पहिल्या वाचनात मीही इथेच अडखळले होते. नाटककार अ‍ॅगथॉनच्या घरची ही मेजवानी इ.स.पू. ४१६ मधली. बासरीवालीलासुद्धा बाहेर घालवलेलं, आणि सॉक्रेटिस सांगतो, प्रेम मला मँटिनिया या ग्रीक शहरातल्या डायोटिमाने शिकवलं! तिने अथेन्सवरची रोगाची साथ १० वर्षं पुढे ढकलली, असंही म्हणतो. ग्रीक ज्याला प्रेमाचा देव मानत, तो इरॉस तिच्या मते देव नाहीच. पोरोस म्हणजे युक्ती आणि पेनिया म्हणजे गरिबी, यांचा हा अनवाणी पोरगा. सदा कशाच्या तरी शोधात. एका देहापासून निखळ सौंदर्यापर्यंत चढणारी शिडीही तिचीच. डायोटिमा प्लेटोच्या कल्पनेतली असेलही. पण सगळ्यांना प्रश्नांनी घाम फोडणारा सॉक्रेटिस तिच्यापुढे मुकाट उत्तरं देतो, ते मला फार आवडतं.