लोक आमच्या संस्थेला एकदा देणगी देतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. काय करावं?

पावती पाठवल्यावर थेट पुढच्या मार्चमध्येच आठवण काढत असाल, तर देणगीदाराला ती वसुलीच वाटणार. पहिल्या आठवड्यात फोन करा आणि त्या फोनवर पैसे मागू नका. ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ एवढं विचारलं तरी माणूस बोलता होतो. तो जे सांगेल ते वहीत टिपा, एक्सेल येत असेल तर उत्तमच. कुणी आईच्या स्मरणार्थ पैसे देतं. दरवर्षी त्या तिथीला दोन ओळींचा निरोप गेला पाहिजे. तीन-चार महिन्यांनी पैशांचं काय झालं ते कळवा, बेत फसला असला तरी. (खरं तर फसला असेल तर आधी कळवा.)

करसवलतीवर फार विसंबू नका. नव्या करप्रणालीत देणगीवरची, ‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी वजावट मिळत नाही, आणि जुन्या प्रणालीतही २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती लागू नाही. तरी प्रमाणपत्र वेळेत द्या. ते मागायला ज्याला तीन फोन करावे लागले, तो कशाला परत येईल?

वर्षातून एकदा कामाच्या जागी बोलवा. हारतुरे नकोत, पिठलं-भाकरी पुरे.