बीपी वाढलं, त्यात स्वादुपिंडाला सूज कुठून आली?

प्रश्न : 34व्या आठवड्यात माझं बीपी 170/112 झालं. त्याआधी दोन दिवस छातीच्या खाली मधोमध दुखत होतं, कळ पाठीत जायची, उलट्या थांबत नव्हत्या. ॲसिडिटी समजून गोळ्या घेत राहिले. शेवटी तातडीने सिझेरियन झालं. बाळ छान आहे. पण डिस्चार्ज कार्डावर ‘पँक्रियाटायटिस’, म्हणजे स्वादुपिंडाला सूज, असं लिहिलंय. माझ्या खाण्यात काही चुकलं का?

उत्तर : नाही. तुम्हाला झाला तो तीव्र प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून इतर अवयवांनाही इजा करणारा आजार. त्याला नुसतं ‘बीपी वाढलं’ म्हणतात तेच मला खटकतं. दुखणं असतं रक्तवाहिन्यांचं. वारेतून (गर्भाशयात बाळाला पोसणाऱ्या अवयवातून) रक्तात उतरणाऱ्या घटकांमुळे वाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होते, त्या आकसतात, बारीक गुठळ्या अडकतात. याचा फटका मूत्रपिंड, यकृत, मेंदूला बसतो. स्वादुपिंडाला क्वचितच, पण बसतो. रक्त कमी पडलं की तिथल्या पेशींना इजा होते आणि अन्न पचवणारा रस स्वादुपिंडालाच पचवू लागतो.

वरच्या पोटातलं दुखणं आम्ही डॉक्टरही आधी यकृताच्या नावावर टाकतो, कारण या आजारात बहुतेक वेळा ते तिथूनच येतं. मीही तेच करते. पण कळ पाठीत शिरत असेल, उलट्या हटत नसतील, तर रक्तातलं लायपेज (स्वादुपिंडाचा पाचक घटक) तपासायलाच हवं. ते कमाल मर्यादेच्या तिपटीवर गेलं की संशय पक्का होतो.

उपचारात खरी कसरत असते सलाईनची. स्वादुपिंडाला सूज आली की शरीराला पाणी हवं असतं. प्रीएक्लॅम्प्सियात तेच जास्त झालं तर फुफ्फुसात उतरतं. त्यामुळे लघवी तासातासाला मोजत थेंब ठरवावे लागतात. वार बाहेर आल्याशिवाय मूळ आजार हटत नाही, म्हणून तुमचं सिझेरियन घाईत झालं.

आता दोन गोष्टी तपासून घ्या. गरोदरपणात स्वादुपिंड सुजण्याचं नेहमीचं कारण पित्ताशयातले खडे. सोनोग्राफी झाली नसेल तर करा. दुसरं, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) खूप वाढले तरी स्वादुपिंड सुजतं. गरोदरपणात ते एरवीही चढतात, ते बाळंतपणानंतर काही आठवड्यांनी उपाशीपोटी पाहा. बीपीही मोजत राहा. ते बाळंतपणानंतरही उसळू शकतं. डोकं खूप दुखलं, डोळ्यांपुढे चमकलं किंवा तीच कळ परत आली, तर गोळी न शोधता रुग्णालय गाठा.

पुढच्या वेळी दिवस राहिले, तर हे कार्ड पहिल्याच भेटीत दाखवा. प्रीएक्लॅम्प्सिया परत होण्याचा धोका कमी करायला कमी मात्रेचं ॲस्पिरिन साधारण 12व्या आठवड्यापासून सुरू करायचं असतं. सातव्या महिन्यात कार्ड सापडून उपयोग नाही.