विश्वचषक आपला होईल का?

प्रश्न : २०२७ चा एकदिवसीय विश्वचषक दक्षिण आफ्रिका, झिम्बाब्वे आणि नामिबियात आहे. भारताला कितपत संधी?

उत्तर : संधी चांगली आहे, पण मला काळजी मधल्या षटकांची वाटते. १९ नोव्हेंबर २०२३ ची, ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या विश्वचषक अंतिम सामन्याची अहमदाबादची रात्र मी विसरलेलो नाही. झोपच लागली नव्हती. पहिल्या दहा षटकांत ८० धावा, आणि उरलेल्या चाळीस षटकांत चौकार फक्त चार! के. एल. राहुलच्या ६६ धावांना १०७ चेंडू लागले. आपण २४० वर अडकलो, तिकडे त्यांच्या ट्रॅव्हिस हेडने एकट्याने १३७ केल्या. सलग दहा सामने जिंकून आलेला आपला संघ होता हो तो! आफ्रिकेतल्या उसळत्या खेळपट्ट्यांवर बुमराह तंदुरुस्त हवा, हे आहेच. पण मी आधी बघणार, अकराव्या षटकानंतर एकेरी-दुहेरी धावा कोण पळून काढतो ते.