वय पाचवीचं, वाचन दुसरीचं: पुस्तक कोणतं द्यायचं?

"मॅडम, पोरगा दहाचा होऊन राहिला अन् वाचन अजून दुसरीचंच. आता पाचवीची पुस्तकं आणू, की आधी हेच पक्कं करून घेऊ?"

मुलांना घरीच शिकवणारे पालक हा प्रश्न थोड्याफार फरकानं नेहमी विचारतात. ही आई नागपूरच्या त्रिमूर्तीनगर भागातली. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलाला वर्गात मोठ्यानं वाचायला उभं केलं की त्याचं पोट दुखायचं, म्हणून पहिलीनंतर शाळा सोडवली. वडील बुटीबोरीला कंपनीत, आजोबा एसटीतून निवृत्त, शिकवणं सगळं आईकडे. एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. तिच्या मुक्त मूलभूत शिक्षणात अ, ब आणि क असे तीन स्तर आहेत, अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे. पुढच्या वर्षी ब स्तराला बसवायचं असं घरात ठरलं होतं आणि आईची झोप त्यापायी उडाली होती.

मी मुलाला त्याच्याच पुस्तकातला एखादा धडा वाचायला सांगितलं. त्यानं धडाधड वाचला. चौथ्या ओळीवर मी पानावर हात ठेवला, तरी वाचन चालूच! आई बघतच राहिली. पोराला धडा ऐकून ऐकून पाठ झाला होता आणि तो पाठांतरावर बोट फिरवत होता. याला लबाडी म्हणू नका. डोकं चांगलं असलेली मुलं अशीच वाट काढतात, आणि म्हणूनच त्यांची अडचण उशिरा लक्षात येते.

मग कधी न पाहिलेला मजकूर दिला. ग्रामीण मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' पाहणीत अक्षरं, शब्द, पहिलीचा परिच्छेद आणि दुसरीची गोष्ट अशा पायऱ्या असतात, साधारण त्याच धरून खालून वर गेलो. अक्षरं आली, पण 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांत घोटाळा. परिच्छेदात 'बागेत'चं 'बाजारात' झालं, म्हणजे पहिलं अक्षर बघून बाकीचा अंदाज. 'पुस्तक' झटक्यात वाचलं, 'मस्तक'वर गाडी थांबली. पहिला शब्द त्याला चित्रासारखा ओळखीचा होता, त्यातला 'स्त' त्यानं कधी वेगळा पाहिलाच नव्हता. त्यावरून लिहून ठेवलं: अडचण जोडाक्षरांत आणि मात्रांत आहे, समजण्यात नाही.

समजण्यात नाही हे कसं कळलं? चौथीच्या परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात शिवरायांचा इतिहास आहे. त्यातला प्रतापगडाचा प्रसंग मी वाचून दाखवला आणि प्रश्न विचारले. अफजलखान वाईला का थांबला, भेटीसाठी तीच जागा का निवडली, सगळं त्यानं हातवारे करून सांगितलं. 'प्रतापगड' हा शब्द मात्र त्याला वाचता येईना.

इथेच आईच्या प्रश्नाचं उत्तर होतं. ती सगळे विषय एकाच पुस्तकाला बांधून चालली होती. वाचता येत नाही म्हणून विज्ञानही दुसरीचं, इतिहासही दुसरीचं, गणितातली शाब्दिक उदाहरणंही दुसरीचीच. खरं नुकसान इथे होत होतं असं माझं स्पष्ट मत आहे. वाचनातलं मागं पडणं कामानं भरून निघतं. दहा वर्षांच्या पोराला सात वर्षांचं ज्ञान देत राहिलं तर त्याचा शब्दसाठा अडतो आणि मग वाचता आलं तरी वाचलेलं कळत नाही. म्हणून मी म्हटलं, "ताई, पाचवीची पुस्तकं आजच आणा. फक्त ती तुम्ही वाचा, त्यानं ऐकायची, बोलायची, चित्र काढायचं. त्याच्या हातातलं वाचायचं पुस्तक मात्र सोपंच राहील."

त्याआधी दोन गोष्टी करून घ्यायला लावल्या: डोळे आणि कान तपासणं. हे करायचं राहून जातं आणि महिनोन्महिने पोराला आळशी ठरवलं जातं. दोन्ही ठीक निघाले. मग अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अडतं का याची चाचणी. वडिलांचा विरोध होता, "शिक्का बसेल." त्यांना सांगितलं की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, प्रमाणपत्र असलं तर परीक्षेत जास्तीचा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात. त्यांनी 'बघू' म्हटलं. वडिलांचं 'बघू' म्हणजे निम्मा होकार, हे अनुभवानं कळतं.

रोजचं वाचन आईकडून काढून आजोबांकडे दिलं. शिकवणारी आणि रागावणारी व्यक्ती एकच असली की पुस्तक समोर आलं की पोर आकसतं. आजोबा एक ओळ वाचणार, नातू तीच ओळ वाचणार, मग दोघं मिळून. पंधरा मिनिटं, त्याच्या वर नाही. एकच छोटा परिच्छेद तीन-चार दिवस. आजीचं सुरुवातीला चाललंच होतं, "काऊन मागं लागता पोराच्या?" पण तोंडी खेळात तीच सगळ्यात पुढे. 'कमळ'मधला 'क' काढला तर काय राहतं? 'मळ'. 'ना-ग-पू-र' उलटं म्हण. पुस्तक न उघडताच कान तयार होतो.

जोडाक्षरं आम्ही घराणं धरून घेतली. आधी फक्त 'स्त': रस्ता, मस्त, मस्तक, वस्ती. ते बसल्यावर 'त्र', त्याला संत्रं हाताशी होतंच. रफारानं बराच त्रास दिला आणि तो का देतो हे समजून घेण्यासारखं आहे. 'बर्डी' (नागपूरचं सीताबर्डी) या शब्दात 'र' ऐकू येतो 'डी'च्या आधी, पण लिहिलेला दिसतो 'डी'च्या डोक्यावर. ऱ्हस्व वेलांटीचं उलट: 'कि'मध्ये वेलांटी डोळ्याला आधी दिसते, उच्चार नंतर. जिथे डोळ्याचा क्रम आणि जिभेचा क्रम जुळत नाही, तिथे अशी मुलं हमखास अडखळतात. आजोबांनी वर्धा, बर्डी, तर्री अशा चिठ्ठ्या केल्या. शब्द तोंडात आधीपासून होते, फक्त डोळ्यांना ओळख करून द्यायची होती. रविवारी सकाळी पोहे-तर्रीच्या टपरीवरची पाटी त्यानं स्वतःहून वाचली, असं आई फोनवर सांगत होती.

या काळात इंग्रजी वाचन थांबवलं, बोलणं चालू ठेवलं. दोन लिप्यांचा भार एकदम नको. देवनागरीची बाराखडीच चारशेच्या वर रूपांची होते, जोडाक्षरं वेगळीच, त्यामुळे इथे उशीर लागणं अगदी स्वाभाविक आहे.

आईचा पुढचा प्रश्न: "वाचनाचं पुस्तक वरचं केव्हा द्यायचं?" न पाहिलेल्या मजकुरातल्या शंभर शब्दांत पाचापेक्षा जास्त शब्द अडले नाहीत आणि वाचून झाल्यावर त्याला गोष्ट आपल्या शब्दांत सांगता आली, की वरची पायरी. वेगाचं टेन्शन आई जरा जास्तच घेत होती. केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीसाठी मिनिटाला किमान साठ शब्द हे लक्ष्य आहे. ते अंतर दाखवणारी खूण म्हणून ठेवा, घड्याळ लावून रोज मोजू नका. घड्याळ दिसलं की हे पोर पुन्हा अंदाजानं वाचू लागायचं.

सध्या तो दुसरीच्या गोष्टी न अडता वाचतो, तिसरीचे परिच्छेद आजोबांच्या सोबतीनं. विज्ञान पाचवीचं चालू आहे आणि त्यात तो आईलाच प्रश्न विचारून भंडावतो. चाचणीची तारीख वडिलांनीच घेतली. ब स्तराचा अर्ज यंदा भरायचा नाही असं ठरलं. अहवाल आला की सवलतींसकट पुढच्या वर्षीचं बघू. तेवढ्यात आईनं विचारलंच, "मग तोवर नातेवाइकांना कितवीत म्हणून सांगू?" मी म्हटलं, "पाचवीत सांगा. खोटं कुठे आहे?"